मालकाचे ज्ञान : निरंक

भाऊसाहेबांना आपल्या कारखान्यातले सगळे माहीत होते. कुठल्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, खिडकीची कडी कशी सरकवायची, कुठले बटण दाबले की कुठला दिवा लागत नाही, सगळे. फक्त ब्रश कसा तयार होतो तेवढे त्यांना माहीत नव्हते. बावीस वर्षे ही गोष्ट कुणी त्यांच्या लक्षात आणून दिली नव्हती, यावरून त्यांच्याकडची माणसे किती चांगली होती ते समजावे.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तीन टेबले, कोपऱ्यात बेसिन आणि काचेच्या पार्टिशनमागे भाऊसाहेबांची खुर्ची. तिथे दवाखान्यांच्या प्रयोगशाळांतल्या बाटल्या आणि काचेच्या नळ्या धुवायचे ब्रश होत. काम ऐकायला सोपे. तार दुमडायची, दोन पदरांच्या मधे केस पसरायचे, हाताने फिरवायच्या चाकावर तारेला पीळ द्यायचा की केस चहूकडे उभे राहतात. मग ते गोल छाटायचे आणि ब्रश पाकिटात घालायचा. पीळ मावशी देत, एकतीस वर्षे देत होत्या. छाटणी मामांची. पाकिटे भरणे, चिठ्ठ्या चिकटवणे आणि दिवसभर बोलणे ही खाती ताईंकडे. मावशी आणि मामा यांचे एकमेकांशी काही नाते नव्हते, पण नव्या गिऱ्हाइकाला ते भाऊबहीण वाटत आणि दोघांनाही त्याचा मनापासून राग येई.

या कारखान्याचा एक नियम होता. तो भाऊसाहेबांच्या वडिलांनी, म्हणजे मोठ्या साहेबांनी घालून दिलेला: दुसऱ्याच्या कामात डोकवायचे नाही. काम करणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहणे हा त्यांच्या मते मोठा अपमान. म्हणून तिन्ही टेबले तीन भिंतींकडे तोंड करून मांडलेली होती. बेसिनकडे जाताना माणूस आधी खोकायचा, मग दुसऱ्याच्या पाठीमागून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, लगबगीने पार व्हायचा. मामा इतक्या सभ्यपणे जायचे की एकदा घड्याळाकडे बघता बघता बेसिनवर आदळले होते. सांगायचा मुद्दा, एकाच खोलीत तीस तीस वर्षे काढलेल्या या माणसांनी एकमेकांचे हात चालताना कधी पाहिले नव्हते.

अशा सुखाच्या दिवसांत तो छापील कागद आला.

चारातले तीन ब्रश एकाच मोठ्या दवाखान्याला जात. त्या दवाखान्याच्या खरेदी खात्याने कळवले होते की पुढच्या महिन्यापासून प्रमाणपत्र असलेला मालच घेतला जाईल. प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाचा फॉर्म सोबत जोडला होता. प्रत्येकाने आपण काय करतो, कसे करतो ते लिहून द्यायचे, सर्वांनी ते एकत्र वाचायचे, आणि मग तपासनीस येऊन सगळ्यांसमोर ब्रश करवून घेणार. ब्रश काचेच्या नळीतून वीस वेळा ओढायचा. दोनपेक्षा जास्त केस गळले तर प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे दवाखाना नाही, आणि दवाखाना नाही म्हणजे कारखान्याला कुलूप. हा हिशेब करायला भाऊसाहेबांना कुणाचीही मदत लागली नाही.

फॉर्मच्या शेवटी एक स्वतंत्र पान होते. वर ठळक अक्षरांत छापले होते : ‘मालकाचे ज्ञान’.

भाऊसाहेब त्या पानापुढे दोन दिवस बसले. ‘देखरेख’ लिहिले, खोडले. देखरेख करायची तर डोकवावे लागते आणि ते वडिलांनी मना केलेले. ‘मार्गदर्शन’ लिहिले आणि काचेतून मावशींच्या पाठीकडे बघितल्यावर स्वतःच खोडले. शेवटी सरकारी भाषेत जे शोभेल ते लिहिले : ‘निरंक’. फॉर्म पाठवून दिला आणि सुटलो म्हणून हुश्श केले.

चौथ्या दिवशी फॉर्म परत. एक तर निळ्या शाईऐवजी काळी वापरली होती. आणि त्या पानावर शेरा होता : ‘निरंक चालणार नाही. मालकास खरोखरच काही येत नसल्यास तसा दाखला जोडावा.’

“कुणाचा दाखला पण?” भाऊसाहेब घरी कडाडले. “मला काही येत नाही असा दाखला देणार कोण?”

“माझा चालेल का हो?” बायकोने भाजी निवडता निवडता विचारले. “मी डोळे मिटून सही करीन.”

भाऊसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते चप्पल घालून तडक शेजारच्या हेडसरांकडे गेले. हेडसर निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांच्याजवळ लाल शाईची अख्खी दौत शिल्लक राहिली होती आणि ती कुठे वापरावी हा त्यांचा रोजचा प्रश्न होता.

“सोपं आहे,” हेडसर म्हणाले. “प्रत्येकाला एकेक वही दे. जे करतो ते लिहायचं, जे बघतो तेही लिहायचं. शनिवारी मोठ्याने वाचन. वह्या आधी माझ्याकडे आण, मी तपासून देतो.”

“आणि माझं पान, सर?”

“इतरांचं वाचलंस की आपल्याला काय येतं ते आपोआप कळतं.” हे वाक्य त्यांनी पस्तीस वर्षे मागच्या बाकावरच्या मुलांना ऐकवले होते आणि त्यातल्या एकालाही आपोआप काही कळले नव्हते, पण ते असो.

वह्या आल्या. शुक्रवारी भाऊसाहेब त्या घेऊन काचेमागे बसले, ते जेवायलाही उठले नाहीत.

मावशींनी मोठ्या अक्षरांत लिहिले होते : ‘पीळ मोजत नाही. तार आधी कुरकुरते, मग गप्प होते, मग बारीक बोलते. बारीक बोलली की अर्धा फेरा आणखी देऊन थांबायचं. पावसाळी हवेत ती उशिरा बोलते.’ मामांनी लिहिले होते : ‘छाटताना ब्रशकडे बघत नाही, खाली पडणाऱ्या चुऱ्याकडे बघतो. चुरा सरळ खाली पडला तर बरोबर. उडाला तर पातं बोथट झालंय.’ ताईंच्या वहीची बावीस पाने भरली होती. त्यातच कुठेतरी होते की शंभर ब्रश त्या न मोजता उचलतात, एक कमी असला तर हाताला कळतं, पण का कळतं ते विचारू नये.

भाऊसाहेबांच्या अंगावर काटा आला. ही माणसे रोज आपल्यासमोर बसतात, डबा खातात, जाताना ‘येतो साहेब’ म्हणतात, आणि त्यांच्या बोटांत एवढे सगळे आहे? एका काचेच्या अंतरावरून आपण बावीस वर्षे काय बघत होतो? ते उठून उभे राहिले. कुणासाठी उभे राहिलो ते त्यांना सांगता आले नसते, पण बसवेना. आणि अशा भारावल्या अवस्थेत त्यांनी ताईंच्या वहीचे एकोणिसावे पान उलटले.

‘साहेब रोज सकाळी आल्यावर बेसिनवर हात धुतात आणि पुसत नाहीत. बाजूला केसांची पेटी उघडी असते, तिच्यावर झटकतात. दोनदा. रोज. का ते माहीत नाही. विचारलं नाही.’

समासात हेडसरांची लाल शाई होती : ‘अस्वच्छ सवय! मालकांनी लक्ष द्यावे.’

वर वर्णन केलेला आदर त्या क्षणी भाऊसाहेबांच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत येऊन तिथे लाल झाला. गोष्ट खरी होती. बेसिनजवळच्या आकड्यावर वर्षानुवर्षे लोंबणारा सामाईक टॉवेल त्यांना कधीच आवडला नव्हता. एकूण, सगळ्यांच्या वह्यांत विद्या निघाली आणि आपली निघाली ती ही! ते त्याच संध्याकाळी बाजारात गेले आणि जुना टॉवेल काढून त्या जागी टांगायला पांढराशुभ्र नवा नॅपकिन घेऊन आले.

शनिवारी वाचन झाले. ताईंनी शहाणपणाने एकोणिसावे पान गाळले. हेडसर मुद्दाम आले होते. मावशींना दहापैकी सात, मामांना साडेपाच आणि ‘अक्षर सुधारा’, ताईंना ‘विषयांतर टाळावे’. पण खरा प्रकार वेगळाच झाला. मावशी ‘अर्धा फेरा आणखी’ वाचायला लागल्या आणि मधेच अडखळल्या. भिंतीवर मोठ्या साहेबांच्या हाताचा पुठ्ठा होता : ‘पीळ नऊ’. अर्धा जास्त म्हणजे साडेनऊ. मामांनी मान खाली घालून सांगितले की ते मापापेक्षा सूतभर जाड छाटतात, कारण पीळ घट्ट येतो, मापात छाटला तर ब्रश नळीत सैल पडतो. ताई म्हणाल्या, जाड ब्रश पाकिटात जात नाही, म्हणून त्या तो तळहातांवर पोळीसारखा एकदा फिरवतात.

कुणी कुणाला एक शब्द बोलले नाही. चांगली माणसे ती. प्रत्येकाने मनातल्या मनात ठरवले की आपली चूक आपण सोमवारपासून गुपचूप सुधारायची.

सोमवारी मावशींनी मोजून नऊ पीळ दिले. मामांनी काटेकोर मापात छाटले. ताईंनी तळहात आवरले. भाऊसाहेबांनी हात धुतले आणि नव्या नॅपकिनला एकेक बोट वेगळे पुसले. कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदा प्रत्येक जण नियमाप्रमाणे वागत होता.

मंगळवारी दुपारी ताईंनी एक ब्रश उचलून भाऊसाहेबांपुढे धरला. टेबलावर केसांचा छोटा ढीग पडला आणि ताईंच्या हातात बरीचशी तार राहिली.

“साहेब, हा टकला झाला.”

“एखादा होतो.”

“सगळे झालेत.”

भाऊसाहेबांचे धाबे दणाणले. तपासणीची तारीख ठरली होती, तपासनीस बाई गुरुवारी यायच्या होत्या. बुधवारी सकाळी भाऊसाहेबांनी सगळ्यांना बोलावले, आणि जे कधी झाले नव्हते ते झाले : मावशी म्हणाल्या, “साहेब, मी अर्धा पीळ कमी केला. वाचताना लाज वाटली हो.” मामा म्हणाले, “मी सूतभर उतरलो.” ताई म्हणाल्या, “आणि मी फिरवायचं सोडलं.”

“तुम्ही काही बदललंत का, साहेब?” मामांनी सरळ मनाने विचारले.

भाऊसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, “मी? मी काय बदलणार? मला येतं काय!”

यात खोटे असे काही नव्हते, त्यांना खरेच तसे वाटत होते. हात पुसल्याने ब्रशाचे केस गळतात असे कुणाच्या स्वप्नात येईल? प्रत्येकाने आपापली जुनी चूक पुन्हा सुरू केली. ब्रश सुधारला, पण पुरता नाही. नळीतून वीसदा ओढला की सहा-सात केस गळतच. मावशींनी दहा पीळ दिले तर तार तुटली. संध्याकाळी त्या हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या. “तार बोलते ती बरोबर बोलते, साहेब,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “केसच ऐकत नाहीत. एकतीस वर्षांत असं झालं नाही. माझे हात गेले की काय?” एकतीस वर्षांत मावशींच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिले नव्हते. भाऊसाहेबांना कुलपाची, दवाखान्याची, कशाची आठवण राहिली नाही. या वह्या आपण आणल्या नसत्या तर या बाईला आपल्या हातांची शंका आली नसती, एवढे एकच त्यांच्या डोक्यात घोळत राहिले.

गुरुवारी भाऊसाहेबांची बायको भल्या पहाटे कारखान्यात हजर. तपासनीस येणार म्हणून तिने जळमटे काढली, काच पुसली, मोठ्या साहेबांचा पुठ्ठाही पुसला. नव्या नॅपकिनवर एक डाग दिसला, तो नॅपकिन धुवायला म्हणून घरी घेऊन गेली आणि दुसरा आणायला विसरली. तिच्या हातून कारखान्याला झालेली ही सर्वांत मोठी मदत, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हते.

या धांदलीत भाऊसाहेब त्या सकाळी हात धुवायचेच विसरले. तपासनीस बाई दहाला आल्या. बारीक चष्मा, जाड फाइल, हसणे नाही. मावशींनी त्यांच्यासमोर ब्रश केला, मामांनी छाटला. बाईंनी तो नळीतून वीसदा ओढला आणि पांढऱ्या कागदावर पडलेले केस चिमट्याने मोजले.

“सात,” त्या म्हणाल्या. “दोन चालतात. नियमाने आणखी एक संधी आहे. तोवर हात धुऊन घेते.”

बेसिनवर त्यांनी हात धुतले, आकड्याकडे पाहिले, आकडा रिकामा. सभ्य बाई साडीला हात पुसत नाहीत. त्यांनी इकडे तिकडे बघून शेजारच्या उघड्या पेटीवर हात झटकले. एकदा, आणि मग आणखी एकदा. ताईंची मान वळली. चहा झाला. मावशींनी त्याच पेटीतला मूठभर केस उचलला आणि त्यांची बोटे जागच्या जागी थांबली.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “हा तर आपला केस.”

दुसरा ब्रश झाला. छाटला गेला. नळीतून वीसदा ओढला गेला. बाईंनी चिमटा उचलला, चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला. कागदावर काही नव्हते.

मग ताईंनी आपली वही आणली, एकोणिसावे पान उघडले आणि भाऊसाहेबांपुढे ठेवले.

आपल्या जन्माच्या गावंढळपणाची जाहीर कबुली सरकारी फाइलसमोर द्यायची वेळ सगळ्यांवर येत नाही. भाऊसाहेबांवर ती आली. त्यांनी टॉवेलपासून नॅपकिनपर्यंत सगळे सांगून टाकले. “माझ्या मनातही नव्हतं हो,” ते म्हणाले. “मी आपला हात झटकायचो.”

“बरोबर आहे,” तपासनीस बाई म्हणाल्या. “कोरडा केस तारेतून निसटतो. किंचित दमट झाला की फुगतो आणि धरून बसतो. पण साडेनऊ पीळ कशाला? केस नीट ओला असेल तर नऊ पुरतात.”

“नऊच द्यायचे मी, मोठे साहेब होते तोवर,” मावशी म्हणाल्या. “ते गेले, हे बसायला लागले, तेव्हापासून केस जरा कोरडा लागायला लागला. मला वाटलं, माल बदलला. म्हणून अर्धा वाढवला.”

मामा खोकले. “मोठे साहेब तीनदा झटकायचे,” ते म्हणाले. “हे दोनदा. माझं टेबल बेसिनपाशी आहे, पाण्याचा आवाज येतो. आपण कशाला बोला, म्हटलं.”

भाऊसाहेबांनी हळूच खुर्ची ओढली आणि ते बसले. त्यांनी एक झटका कमी केला, म्हणून मावशींनी अर्धा पीळ वाढवला. पीळ वाढला म्हणून मामांनी सूतभर सोडले. मामांनी सोडले म्हणून ताईंनी बावीस वर्षे प्रत्येक ब्रश तळहातांवर फिरवला. आणि एकानेही कधी ‘साहेब, तुमचं चुकतंय’ म्हटले नाही. त्यांना ते कळलेही नव्हते, जे कमी पडेल ते प्रत्येकाने आपल्या हाताने भरून काढले होते. हजारो ब्रश गेले आणि एकही परत आला नाही. भाऊसाहेबांना वाटायचे, आपण हा कारखाना चालवतो. हाताच्या तळव्यांकडे बघत ते म्हणाले, “मावशी, तुमचे हात कुठे गेले नव्हते.”

“मोठ्या साहेबांना ठाऊक असेल का हो हे?” ताईंनी विचारले.

“कसलं ठाऊक!” मावशी म्हणाल्या. “त्यांनाही तो टॉवेल आवडायचा नाही.”

तपासनीस बाई आता पहिल्यांदाच पेन खाली ठेवून बोलल्या. “मग मालक, उद्यापासून तीनदा झटका. सगळं मूळ मापावर येईल.”

“नको!” तिघेही एकदम ओरडले.

“बावीस वर्षं लागली बसवायला,” मामा म्हणाले.

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिले आणि फॉर्मचे शेवटचे पान ओढून घेतले. ‘निरंक’वर रेघ मारली आणि निळ्या शाईत लिहिले : ‘सकाळी हात धुऊन केसांच्या पेटीवर झटकणे. दोनदा.’ मग नियमाप्रमाणे विचारले, “मालक रजेवर असतील तर हे काम कोण करेल? दुसऱ्या कुणाला येतं का?”

भाऊसाहेब सांगणार होते की शिकवावे लागेल. तेवढ्यात मावशी उठल्या, बेसिनवर गेल्या, हात धुतले, डावा खांदा किंचित उचलला आणि मनगटातून दोनदा झटकले. तो खांदा भाऊसाहेबांचाच होता. आपण तो उचलतो हे त्यांना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. मामा म्हणाले, “दुसरा झटका जरा हळू असतो, मावशी,” आणि ताई म्हणाल्या, “हो, आणि नंतर नाक ओढतात.” ज्या कारखान्यात कुणी कधी डोकावले नव्हते, तिथे हे सगळे पाठ होते.

बाईंनी ‘होय, सर्वांना’ असे लिहिले आणि शिक्का मारला. त्या गेल्यावर भाऊसाहेब बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभे होते, आणि डोळ्यात काही गेले आहे म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ते आले तेव्हा आकड्यावर बायकोने धुऊन इस्त्री केलेला नॅपकिन टांगलेला होता. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. हात धुतले. पाठीमागे तिन्ही टेबलांवरचे आवाज थांबले होते, पण त्यांनी वळून पाहिले तर मावशी भिंतीकडे बघत होत्या, मामा भिंतीकडे बघत होते आणि ताई घड्याळाकडे. भाऊसाहेब आधी खोकले. मग त्यांनी पेटीवर हात झटकले, दोनदा, दुसरा जरा हळू. मावशींच्या चाकाचा आवाज सुरू झाला, आणि काचेमागे जाऊन बसण्याऐवजी ते तिथेच थोडा वेळ उभे राहिले, तार केव्हा बारीक बोलते ते ऐकत.